पाहुण्या झाडाची पारख



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, अध्यात्म यांवर अधिकारी माणसे बोलतात. अशा व्यासपीठावर विडी कामगारांच्या संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने झाडांविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आम्ही वनस्पतिशास्त्राचे पदवीधर नव्हे. परंतु विडी वळणाऱ्या बाईची भाकर तेंदूच्या पानावर आहे, पान रानात आहे, आणि रानात काय उगवते व काय उगवेनासे होते यावर गोंदिया-भंडाऱ्याकडच्या हजारो घरांची चूल अवलंबून आहे. तेव्हा रानाचा प्रश्न हा आमच्या लेखी मजुरीचाच प्रश्न आहे, आणि त्याच बाजूने आम्ही तो आज मांडणार आहो.

प्रश्न साधा आहे. परमुलखातून एखादे झाड आणून लावावयाचे ठरले, तर ते पुढे गुणाचे निघेल की तण होऊन रान गिळील, हे आधी ओळखता येते काय? येत असेल तर कसे? आणि ती ओळख करून घेण्याचे काम कोणाचे?

बोलण्याच्या सोयीसाठी एक उदाहरण धरून चालू. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगडचा डोंगर आपणां सर्वांस ठाऊक आहे. वर किल्ल्याचे अवशेष आहेत, महादेवाचे ठाणे आहे, दर्गा आहे. महाशिवरात्रीला तेथे केवढी यात्रा भरते, हे सांगावयास नको. समजा, उद्या कोणी सद्भावनेने म्हणाले की, हा डोंगर उन्हाळ्यात भकास दिसतो, येथे पाइनची झाडे लावू; बारा महिने हिरवी राहतील, सरळ वाढतील, लाकूड कागदाला जाईल. अशी योजना कोणी मांडली आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ही कल्पना आकाशातून पडलेली नाही. आपल्या शेजारच्या बस्तरमध्ये, तेव्हाच्या मध्य प्रदेशात आणि आताच्या छत्तीसगडात, १९७० च्या दशकाच्या मध्यावर जागतिक बँकेच्या साहाय्याने नेमकी हीच योजना निघाली होती. सालाचे नैसर्गिक जंगल तोडावयाचे, त्या जागी मध्य अमेरिकेकडचा उष्ण कटिबंधातील पाइन लावावयाचा आणि त्याचा लगदा कागदासाठी वापरावयाचा. साल म्हणजे तिकडच्या आदिवासींचे बी, डिंक, पान, सावली आणि देवही. त्यांनी विरोध केला, आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी ती योजना गुंडाळावी लागली.

त्या वेळी भांडण झाले ते उपजीविकेवरून, आणि ते योग्यच होते. पण एक प्रश्न त्या गदारोळात मागे राहिला. तो पाइन लावलेल्या जागीच थांबला असता, की कुंपण ओलांडून बाहेर पडला असता? तोडलेले जंगल डोळ्यांना दिसते. पसरणारे झाड मात्र वीस-तीस वर्षे दिसतच नाही, आणि दिसू लागते तेव्हा उशीर झालेला असतो.

झाड कुंपण ओलांडते म्हणजे काय होते, हे पाहावयाचे असेल तर न्यूझीलंडकडे पाहावे. तेथे उत्तर अमेरिकेतील पाइन आणून लावले. काही लाकडासाठी, काही डोंगरांची धूप थांबावी म्हणून. हेतू उत्तम होता. पण पाइनच्या बीला पातळ पंख असतो. डोंगरमाथ्यावर लावलेल्या झाडाचे बी वाऱ्यावर चढून कोसच्या कोस दूर जाऊन पडू लागले. आज तेथे आपोआप उगवलेल्या या रानटी पाइनांनी अठरा लाख हेक्टरांहून अधिक मुलूख कमीअधिक प्रमाणात व्यापला आहे, आणि २०१६ पासून ते उपटण्यासाठी देशव्यापी मोहीम चालवावी लागत आहे. दक्षिण आफ्रिकेत पाइन आणि ऑस्ट्रेलियन बाभळी यांनी डोंगरउतार व्यापून नद्यांचे पाणी ओढून घेतले. तेथील सरकारने १९९५ साली बेकारांना मजुरी देऊन ही झाडे तोडण्याचे काम काढले. ते काम अजून संपलेले नाही.

प्रतापगडासारखा डोंगरमाथा लागवडीला निवडताना हा धडा लक्षात ठेवावा. सपाटीवरच्या झाडाचे बी झाडाखाली पडते. माथ्यावरच्या झाडाचे बी वाऱ्याच्या स्वाधीन होते. आणि प्रतापगडाच्या आसमंतात काय आहे? नवेगावबांधचे जंगल आहे, जे १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. शोभेचे झाड डोंगरावर राहील आणि बी मात्र वाघाच्या रानात जाईल.

आता कोणी म्हणेल, सगळेच पाइन काही असे द्वाड नसतात. हे अगदी खरे आहे. १९९६ साली मार्सेल रेमानेक आणि डेव्हिड रिचर्डसन या दोन शास्त्रज्ञांनी लागवडीतील २४ जातींचे पाइन तपासले. त्यांतील १२ जाती बाहेर पडून पसरलेल्या होत्या आणि १२ जागच्या जागी राहिलेल्या होत्या. दोन्ही गटांत फरक काय, हे शोधता तीन गोष्टी निघाल्या. पसरणाऱ्या पाइनांचे बी हलके असते. ते लहान वयातच बी धरू लागतात. आणि भरघोस बी येण्याच्या दोन हंगामांत त्यांना फार वर्षे जात नाहीत. हलके बी, लवकर बी, वारंवार बी. या तीन शब्दांत त्या संशोधनाचे सार आले.

आपल्या शेतकऱ्याला यात नवे काही वाटणार नाही. धानाच्या बांधीतले कोणते तण उपटूनही पुन्हा येते, असे त्याला विचारा. तो हेच तीन गुण सांगेल. शास्त्राने त्याचे माप घेतले, एवढेच.

हे माप घेण्याची एक रीतसर पद्धत ऑस्ट्रेलियाने १९९० च्या दशकात तयार केली. तिच्यात ४९ प्रश्न आहेत आणि त्यांचे तीन भाग आहेत. पहिला भाग झाडाच्या इतिहासाचा: ते कोठले, त्या मुलखाचे हवामान आपल्यासारखे आहे काय, इतरत्र नेले तेथे ते पसरले काय. दुसरा भाग दुर्गुणांचा: काटे आहेत काय, गुरांना विषारी आहे काय, दाट झाडोरा करते काय, आग वाढविते काय. तिसरा भाग वंशवाढीचा: किती बी येते, कोणत्या वयात येते, वारा, पाणी, पाखरू की माणूस ते नेतो, जमिनीत किती वर्षे जिवंत राहते, तोडल्यावर फुटते काय. उत्तरांना गुण असतात. बेरीज एकाहून कमी आली तर झाड खुशाल आणावे. एक ते सहा आली तर आणखी तपास करावा. सहाहून अधिक आली तर दारातूनच परत पाठवावे.

या पद्धतीत आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो इतिहासाचा प्रश्न: दुसरीकडे याने काय केले? कारखान्यात नवा ठेकेदार आला की कामगार पहिली चौकशी हीच करतात, की मागच्या गावी याने मजुरी वेळेवर दिली काय. गोड बोलण्यावरून माणूस कळत नाही. मागच्या गावच्या हिशेबावरून कळतो. झाडाचेही तसेच आहे.

आता बस्तरला आणावयाच्या त्या कॅरिबियन पाइनला हे प्रश्न लावून पाहू. हवामान? त्याच्या मूळ मुलखाचे अक्षांश आपल्याशी जुळतात, आणि तोही उष्ण प्रदेशाचा रहिवासी आहे. बी? एका किलोत पन्नास हजारांहून अधिक दाणे भरतात, आणि दाण्याला पंख आहे. म्हणजे हलके, उडणारे. मागचा इतिहास? न्यू कॅलेडोनिया, हवाई आणि ब्राझील येथे तो लागवडीबाहेर पसरलेला आहे. एवढ्यावरच तराजू एका बाजूला झुकू लागतो. पण न्यायासनावर बसल्यावर आरोपीची बाजूही ऐकली पाहिजे. विषुववृत्ताजवळच्या सखल प्रदेशात या पाइनला बी फार कमी धरते, असा अनुभव आहे. शिवाय पाइन एकटा जगू शकत नाही. त्याच्या मुळांशी विशिष्ट बुरशीची सोबत लागते. पोर्टो रिको बेटावर ही बुरशी जमिनीत नव्हती, तोवर पाइनची रोपे पिवळी पडून खुरटत. १९५० च्या दशकात बुरशीची माती आणून घातली, तेव्हा ती वाढू लागली. म्हणजे झाडाच्या वाटेत नैसर्गिक अडसर असू शकतात. परंतु लागवड करणारा माणूस ते अडसर स्वतःच्या हाताने दूर करतो, बुरशी आणून देतो, रोपे जगवितो, आणि मग झाडाला मोकळे रान मिळते. या सर्वांचा विचार करता प्रतापगडच्या डोंगरावर हा पाइन लावू नये, असाच निकाल आम्ही देऊ. मुंबईतल्या एखाद्या बागेत दोन झाडे लावण्यास आमची हरकत नाही. जागा बदलली की जोखीमही बदलते.

पाइनचा प्रश्न आपल्याकडे अजून दाराबाहेर आहे. जे पाहुणे घरात येऊन बसले आहेत, त्यांच्याकडे आता वळू.

सुबाभूळ घ्या. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेची. स्पॅनिश जहाजांतून ती फिलिपाइन्सला गेली आणि तेथून आशियाभर पसरली. महाराष्ट्रात १९७० आणि १९८० च्या दशकांत तिचा मोठा प्रसार झाला. उरुळीकांचनच्या मणिभाई देसाई यांच्या बाएफ संस्थेने चारा आणि सरपण यांसाठी ती शेतकऱ्यांपर्यंत नेली. दुष्काळी भागातल्या शेळीला तिने पाला दिला, चुलीला लाकूड दिले, कागद कारखान्याला लगदा दिला. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण प्रश्नपत्रिका तिच्यापुढे ठेवा. बी कधी धरते? पहिल्या एकदोन वर्षांतच. किती? झुपक्याझुपक्याने शेंगा, बहुधा वर्षभर. बी जमिनीत टिकते? कवच कठीण असते, वर्षानुवर्षे टिकते. तोडले तर? दुप्पट जोमाने फुटते. एकटे झाड बी देऊ शकते? देते, दुसऱ्याच्या परागाची गरज नाही. इतरत्र काय केले? हवाईपासून आफ्रिकेपर्यंत दाट जाळ्या केल्या. जगातील शंभर अत्यंत उपद्रवी परकीय जातींची जी यादी प्रसिद्ध आहे, तीत तिचे नाव आहे.

म्हणजे एकाच झाडात अन्नदाताही आहे आणि आक्रमकही आहे. याचा अर्थ काय करावयाचा? आमच्या मते असा, की प्रश्न केवळ झाडाचा नाही, ताब्याचा आहे. शेताच्या बांधावर, जेथे रोज विळा फिरतो आणि शेंग धरण्याआधी पाला शेळीच्या पोटात जातो, तेथे सुबाभूळ नोकर आहे. जेथे कोणाचा विळा नाही, त्या नाल्याच्या काठी, पडीक जमिनीत, जंगलाच्या कडेला ती मालक होते. तेव्हा बांधावर लावावी. रानात आणि ओढ्याकाठी लावू नये.

दुसरा पाहुणा बेशरम. याचे नावच लोकांनी किती नेमके ठेवले! तोडून फेकलेला तुकडा पडल्या जागी मूळ धरतो, बी पाण्यावर तरंगत जाते, आणि पाला विषारी असल्यामुळे गुरे तोंड लावीत नाहीत. ४९ प्रश्न न विचारताही त्याचा निकाल लागतो. कुंपणाला आणि शोभेला म्हणून आणलेल्या या झुडपाने आपल्या मालगुजारी तलावांचे काठ बळकावले. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले हे तलाव म्हणजे पूर्व विदर्भाचे वैभव. त्यांच्या उथळ काठाला जी पाणवनस्पती असते, तिच्यात मासा अंडी घालतो, पाखरू घरटे करते, धिवराची उपजीविका तेथेच सुरू होते. काठ बेशरमने भरला की हे सारे थांबते. या बाजूच्या काही गावांत मच्छीमार संस्थांनी आणि धिवर बायांनी उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर बेशरम मुळासकट खणून काढली आणि तिच्या जागी गावच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. चिखलात उभे राहून केलेले हे काम किती कठीण, हे ज्याने कुदळ धरली त्यालाच ठाऊक.

तिसरी घाणेरी; आपल्याकडे रायमुनिया म्हणतात ती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी बागेतल्या रंगीत फुलांसाठी हिला भारतात आणले. पाखरांनी फळे खाल्ली आणि बी रानोमाळ नेले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार वाघाच्या भारतातील अधिवासापैकी सुमारे ४० टक्के क्षेत्रात ती पोहोचली आहे. घाणेरीच्या जाळीत तेंदूच्या झुडपापर्यंत हात पोहोचत नाही. मोहाखालची जमीन झाडूनही स्वच्छ होत नाही. पान तोडणाऱ्या बाईचे तासामागे किती पुडके कमी होतात, याचा हिशेब कोणत्याही सरकारी वहीत नाही, पण तो तिच्या मजुरीत आहे.

यावरून आमचा मुख्य मुद्दा निघतो. झाड लावणाऱ्याचे नाव फलकावर लागते. उपटणाऱ्याचे नाव हजेरीपटावरही नीट लागत नाही. नफा एकाचा आणि निस्तरणे दुसऱ्याचे, हा कारभार आम्ही कारखान्यांत पाहिला आहे. तो रानात चालू देता कामा नये. कोणी असेही म्हणतात की, उपटण्याच्या कामातून रोजगारच मिळतो ना? मिळतो, आणि ते काम चांगल्या मजुरीने, रोजगार हमीतून अवश्य काढावे अशी आमची मागणी आहे. पण मजुरी मिळावी म्हणून घरात घाण करावयाची नसते. तेच हात बांध दुरुस्तीला, गाळ काढण्याला, मोह-चार-तेंदू वाढविण्याला लागले, तर गावाला दोनदा लाभ होतो.

येथे एका गैरसमजाचा निरास करणे अवश्य आहे. परके म्हणून वाईट आणि देशी म्हणून चांगले, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आपली चिंच मूळची आफ्रिकेची. मिरची, बटाटा, पेरू, सीताफळ अमेरिकेकडून आली. त्यांच्यावाचून आपले ताट भरत नाही. आमच्या संघटनेत नाना प्रांतांचे, नाना भाषांचे कामगार आहेत; कोण कोठून आला यावर आम्ही माणसाची किंमत केली नाही, आणि झाडाचीही करू नये. मूळ गाव विचारावयाचे ते हवामान आणि इतिहास कळावा म्हणून. निकाल द्यावयाचा तो वागणुकीवर. मार्क विल्यमसन या इंग्रज शास्त्रज्ञाने ढोबळ नियम सांगितला आहे की, आणलेल्या दहांपैकी सुमारे एक जात मोकळी सुटते, सुटलेल्या दहांपैकी एक स्थिरावते आणि स्थिरावलेल्या दहांपैकी एक उपद्रवी होते. म्हणजे बहुसंख्य पाहुणे निरुपद्रवीच असतात.

मग त्या एकासाठी एवढी दगदग का? कारण दोन चुकांची किंमत सारखी नाही. चांगले झाड चुकून नाकारले, तर ते पुढच्या वर्षीही आणता येते. वाईट झाड चुकून लावले, तर ते परत पाठविता येत नाही. त्यात भर म्हणजे झाड आपला स्वभाव उशिरा दाखविते. जर्मनीतील ब्रांडेनबुर्ग भागात बाहेरून आणलेल्या १८४ जातींची झाडे-झुडपे तपासली, तेव्हा आणल्यापासून पसरू लागेपर्यंत सरासरी १४७ वर्षे गेल्याचे आढळले. आपल्या उष्ण मुलखात हा काळ पुष्कळच कमी असतो. परंतु दहा वर्षे शांत राहिले म्हणून झाड गुणी, असे प्रमाणपत्र कोणी देऊ नये.

आणि आज घाई फार आहे. आपल्या राज्यात २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी वृक्षलागवडीचे संकल्प झाले. झाडे लावणे हे पुण्यकर्म आहे, यात वाद नाही. पण आकडा मोठा झाला की रोपवाटिकेत जे लवकर उगवते, ज्याला गुरे खात नाहीत, जे पाण्यावाचून तगते, तेच रोप पुढे येते. श्रोतेहो, विचार करा: लवकर उगवणे, गुरांनी न खाणे, कशातही तगणे, हे रोपवाटिकेतले सद्गुण म्हणजेच तणाची लक्षणे आहेत! गिरिपुष्प अनेक ठिकाणी लावले गेले ते याच गुणांवर.

तेव्हा करावे काय? आम्ही तीन गोष्टी सुचवितो.

पहिली: कोणत्याही सार्वजनिक जमिनीवर परकी जात लावण्यापूर्वी तिची प्रश्नपत्रिका भरून मराठीत प्रसिद्ध करावी. ४९ प्रश्न जड वाटत असतील, तर निदान सात विचारावे: दुसरीकडे पसरले काय, बी हलके की जड, कोणत्या वयात येते, कोण नेतो, जमिनीत किती टिकते, तोडल्यावर फुटते काय, आणि गुरे खातात काय.

दुसरी: ही प्रश्नपत्रिका ग्रामसभेपुढे वाचली जावी. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला आपल्या सामूहिक वनाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने २००९ साली तो हक्क मिळवून दाखविला. नाल्याकाठी यंदा कोणते नवे रोप दिसले, हे गुराख्याला आणि मोह वेचणाऱ्या बाईला सर्वांआधी कळते. रोप बोटाएवढे असताना ते दोन बोटांनी उपटता येते. झाड झाल्यावर कुऱ्हाड आणि मग सरकारी योजना लागते.

तिसरी: लावणाऱ्यानेच जामीन राहावे. जी संस्था किंवा खाते परकी जात लावील, तिने पुढील काही वर्षे भोवतालची देखरेख करण्याची आणि पसरल्यास रास्त मजुरी देऊन काढून घेण्याची तरतूद आधीच बाजूला ठेवावी. कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी जसा दरमहा कापून ठेवतात, तसा हा रानाचा निधी. खिशातून पैसा जावयाचा म्हटले की निवड आपोआप काळजीपूर्वक होते, हा आमचा अनुभव आहे.

प्रतापगडचा डोंगर हिरवा व्हावा, असे कोणाला वाटत नाही? मोह, ऐन, धावडा, चार, तेंदू, बिजा ही त्या मातीची लेकरे आहेत. ती सावकाश वाढतात, उन्हाळ्यात पाने टाकतात, आणि म्हणून अधीर डोळ्यांना भकास दिसतात. पण त्याच भकास उन्हाळ्यात मोह फुलतो, तेंदूला कोवळे पान येते आणि गरिबाच्या घरात वर्षाचा पहिला पैसा येतो. ज्याला हे दिसते, त्याने डोंगरावर काय लावावे हे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.